सातशे वीस पुड्या

सासूबाईंच्या परदेशवारीसाठी बांधलेल्या सातशे वीस पुड्या न्यायच्याच नाहीत, हे सुनेला गुरुवारी दुपारी साडेबाराला कळलं. विमान सोमवारी सकाळचं होतं.

फोन तिकीटवालीचा होता. तिकीटवाली म्हणजे प्रवास कंपनीच्या कचेरीतली खणखणीत आवाजाची बाई. तिकीट काढल्यापासून ती दर दोन दिवसांनी एकेक सूचना देत होती. विमानतळावर चाकाच्या खुर्चीची नोंद केली आहे. हातातल्या पिशवीत एक जोडी कपडे ठेवा, मोठी बॅग उशिरा पोचली तर पंचाईत नको. कात्री, नेलकटर मोठ्या बॅगेत. तेलाची बाटली हातात नको. कागदपत्रांच्या दोन प्रती काढा, एक घरी राहू द्या. फॉर्म भरायला पेन विसरू नका, तिथे कुणी देत नाही. सून औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहून हे सगळं जुन्या बिलाच्या पाठीवर लिहून घेत होती.

"आणि मावशींच्या गोळ्या मूळ पाकिटातच आहेत ना?" तिकीटवालीने विचारलं. "नाव आणि तारीख दिसली पाहिजे. सोबत डॉक्टरांचं पत्र. आणि तीन महिन्यांच्या वर नेऊ देत नाहीत तिकडे."

सुनेने पेन बिलावर ठेवलं.

"हॅलो? आवाज येतोय का?"

"येतोय," सून म्हणाली. "सगळा आला."

ती सोळा वर्षं त्या दुकानात कामाला होती. ज्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना बारीक अक्षर दिसत नाही, त्यांच्यासाठी ती पुड्या बांधायची. स्ट्रिप कात्रीने कापायची, एकेक गोळी सुटी करायची आणि वेळेप्रमाणे कागदी पुडीत घालायची. पांढरी पुडी सकाळची, खाकी दुपारची, निळी रात्रीची. युक्ती तिचीच होती, आणि पहिल्यांदा तिने ती घरात वापरून पाहिली होती. अकरा वर्षांपूर्वी सासूबाईंच्या नजरेच्या मधोमध डाग पडायला लागले. त्यांना समोरच्याचे कान दिसायचे, नाक दिसायचं नाही. स्ट्रिपेवरची अक्षरं तर सोडाच. पण पुडीचा रंग कळायचा. पुडी फोडायची, तळहातावर उपडी करायची, असेल ते गिळायचं. कुठली गोळी कशाची, हे त्यांना कधी लक्षात ठेवावं लागलं नाही.

परदेशी जायचं ठरलं तेव्हा सुनेने सवयीने कात्रीच उचलली. सहा महिने म्हणजे एकशे ऐंशी दिवस. दिवसाच्या चार पुड्या, कारण थायरॉइडची गोळी पहाटे रिकाम्या पोटी घ्यायची असते. तिची वेगळी, कोपरा दुमडलेली. अठरा दिवस दुकानातून आल्यावर ती जमिनीवर फतकल मारून बसत होती. अंगठ्याला घट्टा पडला. बुटांच्या तीन खोक्यांत तिने त्या पुड्या महिन्यांप्रमाणे रचल्या होत्या आणि मधे पुठ्ठ्याचे कप्पे घातले होते. औषधावर नाव दिसावं लागतं, हे रोज शंभर जणांना औषध देणाऱ्या बाईला सुचू नये, याचं तिकीटवालीला नवल वाटलं असेल. पण दुकानातून औषध घेऊन माणसं आपापल्या घरी जातात. सुनेला आजवर त्यांची झडती घेणारं कुणी भेटलं नव्हतं.

तिला हे सहा महिने हवे होते. हे तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं, फक्त दुकानाच्या मालकांना सांगितलं होतं, तेही एकदा पाठ दुखत असताना. पहाटेची ती गोळी साडेपाचला द्यायची, मग तासभर चहा नाही. पुडी रात्रीच उशाशी ठेवून पाहिली होती. सासूबाई आधी चहा करून प्यायच्या आणि मग पुडी फोडायच्या. म्हणून सुनेने सव्वापाचला उठायचं, पाण्याचा पेला हातात द्यायचा, गोळी गिळेपर्यंत उभं राहायचं आणि साडेसहापर्यंत स्वयंपाकघरावर पहारा द्यायचा. अकरा वर्षांत ती दोनदा माहेरी गेली आणि दोन्ही वेळा त्याच रात्री परत आली. तापाने फणफणली होती तेव्हाही उठली होती. आता सासूबाईंच्या धाकट्या मुलाने त्यांना बोलावून घेतलं होतं. नऊ वर्षं परदेशात असलेला हा धाकटा या काळात दोनदा येऊन गेला होता. सुनेला कुठे जायचं नव्हतं, काही पाहायचं नव्हतं. तिला सात वाजेपर्यंत झोपायचं होतं.

फोन ठेवल्यावर तिने मालकांना सांगितलं. मालक सत्तरीचे. ते हसू दाबू शकले नाहीत.

"अख्ख्या वस्तीच्या स्ट्रिपा कापल्यास," ते म्हणाले, "आणि शेवटी स्वतःची झोप कापलीस."

"नव्या द्या," सून म्हणाली. "तीन महिन्यांच्या. आईंच्या सातही गोळ्या."

सातपैकी सहा गोळ्या फळीवर होत्या. रक्त पातळ ठेवायची सातवी नव्हती; होता तो सगळा माल तिनेच अठरा दिवसांत कापला होता. ती शुक्रवारी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात मिळाली. डॉक्टरांनी पत्र दिलं, पण हाताने लिहिलेलं. ते त्यांचं त्यांनाच वाचता येईना, म्हणून सुनेने टाइप करून घेतलं. त्यात कंपनीची नावं काढून आतल्या औषधांची नावं घातली, कारण तिकडे कंपन्या वेगळ्या असणार. शिक्का पुसट उठला होता. शनिवारी सकाळी परत जाऊन दुसरा मारून घेतला. तिच्यापुरतं प्रकरण तिथे मिटलं होतं.

शनिवारी दुपारी थोरल्याने बॅगेचं वजन केलं. थोरला म्हणजे सुनेचा नवरा. पाण्याच्या पंपावर पाळीची नोकरी, आणि नेमकी त्या आठवड्यात रात्रपाळी. डोळे चुरचुरत असताना त्याने बॅग हुकाच्या काट्याला अडकवून उचलली. तेवीस किलोची परवानगी होती; काटा पंचवीसला जाऊन थरथरत राहिला.

"आई, यात दगड भरलेत का?"

"माझी उशी आहे," सासूबाई कॉटवरून म्हणाल्या.

"उशी एवढी जड?"

"कापसाची आहे. तुमच्यासारखी हवेची नाही."

"तिकडे उशा मिळतात, आई," सून म्हणाली.

"मिळतील की. मान माझी आहे."

उशी बॅगेतच राहिली. गरम पाण्याची रबरी पिशवीही राहिली. तीनपैकी एक स्वेटर निघाला, दुसरा अंगावर घालून जायचं ठरलं. जास्तीचा चष्मा, दिवा असलेलं भिंग आणि विमानात घालायचे घट्ट मोजे हातातल्या पिशवीत गेले. तिकडच्या भोकांना चालणारी चार्जरची पिन थोरल्याने तीन दुकानं फिरून आणली होती. ती त्याने दाखवून दाखवून ठेवली. बाकीचे दीड किलो सुनेने असे काढले की सासूबाईंना कळू नये, आणि सासूबाईंना सगळं कळलं.

"तो लाल डबा काढलास ना?"

"त्यात काय आहे ते तरी माहीत आहे का तुम्हाला?"

"नाही. म्हणून तर हवा होता. उघडून बघायला काहीतरी."

बुटांची खोकी कपाटावर होती. सासूबाईंनी विचारलं, "आणि माझ्या पुड्या?"

सुनेने नियम सांगितला. हातातल्या पिशवीत ठेवलेलं पारदर्शक पाकीट दाखवलं. त्यात नव्या स्ट्रिपा आणि डॉक्टरांचं पत्र होतं.

"पुड्या खाली घाल की कपड्यांच्या. कोण बघतंय?"

"मशीन बघतं."

"मशीनला काय कळतंय माझ्या गोळ्यांतलं?"

"काहीच नाही, म्हणून तर थांबवेल."

सासूबाईंनी पाकीट हातात घेतलं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहायला मान तिरकी केली, मग त्यावरून हात फिरवला. "हे मी कसं घ्यायचं?" त्यांनी विचारलं. आवाजात तक्रार नव्हती. पण गुरुवारपासून तीन दिवस धावणाऱ्या सुनेच्या डोक्यात हा प्रश्न एकदाही आला नव्हता. पुड्या होत्या तोवर तिने धाकट्याला एवढंच सांगितलं होतं, रोज चार द्या, पहाटेची समोर उभं राहून द्या. तो म्हणाला होता, एवढंच ना.

रविवारी जेवणं झाल्यावर शिकवणी सुरू झाली. थोरला आतल्या खोलीत झोपला होता. सून जमिनीवर बसली, सासूबाई कॉटवर, मधे पाटावर सात स्ट्रिपा. शेजारी आठवड्याची डबी: सात दिवसांचे सात कप्पे, प्रत्येकात चार खण, झाकणांवर सुनेने रंगीत चिकटपट्टी लावलेली. डबी एकदा भरली की सासूबाईंना जमणार होतं. ती दर आठवड्याला भरणार कोण, हा प्रश्न होता. स्वतः सासूबाई भरू शकतात का, हे आज पाहायचं होतं.

"ही लांबट, कॅप्सूलसारखी. साखरेची. सकाळ आणि रात्र."

"लांबट साखर. झालं."

"ही जाडी, खडूसारखी. कॅल्शियम. दुपारी."

"खडू दुपारी. शाळेत असल्यासारखं वाटतंय."

"ही हृदयाचे ठोके नीट ठेवायची. अर्धी सकाळी, अर्धी रात्री. मधे रेघ आहे, बघा."

सासूबाईंनी नखाने रेघ शोधली. "सापडली. पुढे बोला, डॉक्टरीणबाई."

पाच गोळ्यांपर्यंत ठीक चाललं. अडलं शेवटच्या दोघींत. पहाटेची थायरॉइडची आणि रात्रीची रक्त पातळ करायची. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोल, दोन्ही मसुराच्या दाण्याएवढ्या. एका स्ट्रिपेची कड किंचित खरखरीत होती, एवढाच फरक बोटांना कळण्यासारखा.

"ही कुठली?"

"पहाटेची."

"नाही. परत हात लावा."

"मग रात्रीची."

"दोनच आहेत, आई. एक नाही म्हटल्यावर दुसरी कुणीही सांगेल."

"मग प्रश्न बदल."

सुनेने दोन्ही पाठीमागे नेऊन अदलाबदल केली. पाच वेळा विचारलं. सासूबाई दोनदा चुकल्या. पुन्हा पाच वेळा विचारलं, पुन्हा दोनदा चुकल्या. दोन रात्री रक्त पातळ व्हायचं राहिलं किंवा दुप्पट पातळ झालं तर काय होतं, ते सुनेला माहीत होतं. दुकानात एका गिऱ्हाइकाचं झालं होतं. तिने ते सांगितलं नाही.

"दहात सहा," सासूबाई म्हणाल्या. "पास की नापास?"

"यात दहात दहाच लागतात."

सव्वातीनला धाकट्याचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्याकडे सकाळ होती. त्याच्यामागे नीट लावलेला पलंग दिसत होता. आईची खोली, तो म्हणाला, आणि कॅमेरा फिरवून खिडकी दाखवली. सासूबाईंना खिडकीच्या चारी बाजूंची भिंत दिसली असेल. त्या छान म्हणाल्या.

सुनेने पुड्यांचं सांगितलं. मग डबीचं. दर रविवारी अर्धा तास, तुम्ही किंवा जाऊबाईंनी भरायची, कुठली कधी, त्याचा कागद टाइप करून दिलाय. शेवटच्या दोन गोळ्यांत गल्लत करायची नाही. आणि तीन महिन्यांनी तिथल्या डॉक्टरला पत्र दाखवून पुढच्या आणायच्या.

धाकटा ऐकत होता. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"वहिनी, आमचं दोघांचं तुम्हाला माहीतच आहे. सकाळी सहाला बाहेर. रविवारी ही कामावर असते. आणि मला खरंच भीती वाटते हो या गोळ्यांची. माझ्या हातून चुकलं तर?" मग त्याला मार्ग सापडला. "असं करू या का? मी आईला फोन लावून देईन रोज. सकाळचा, रात्रीचा. तुम्ही व्हिडिओवर बघायचं आणि सांगायचं, ही घ्या, ही घ्या. पाच मिनिटांचं काम. तुमच्याइतकं कुणालाच नाही जमत ते."

"पहाटेची?"

"ती पण. आमची पहाट म्हणजे तुमची दुपार. तुम्ही दुकानातच असता."

"आणि तुमची रात्र?"

धाकट्याने बोटांवर हिशेब केला. "तुमची... पहाट. चार, साडेचार."

सुनेने पाटावरच्या स्ट्रिपा एकावर एक रचल्या. कडा जुळवल्या.

"नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे मी रोज फोनवर येणार नाही. दिवसातून एकदा नाही, चारदा तर नाहीच. हे सहा महिने मी गोळ्या देणार नाही, भाऊजी. अकरा वर्षं दिल्या."

असं वाक्य त्या घरात कुणी बोललं नव्हतं. आतल्या खोलीत थोरल्याचं घोरणं थांबलं, मग पुन्हा सुरू झालं.

"तुम्ही चिडू नका," धाकटा म्हणाला. "मी आपलं सुचवलं. पण मग... आपण घाई करतोय का? तिकीट पुढे ढकलू या. दोन-तीन महिन्यांनी, माझी कामाची वेळ बदलली की. आईच्या जिवाशी खेळ नको."

सुनेने डोळे मिटले. रोज फोनवर यायला हो म्हटलं तर आईंची बॅग उद्या जाणार होती आणि त्यांच्यामागे तिची झोपही. नाही म्हटलं तर बॅग रिकामी करून कपडे परत कपाटात लावायचे होते, आणि मंगळवारी सव्वापाचला उठायचं होतं. तिसरं काही तिला दिसेना. तिने तोंड उघडलं. सकाळची आणि दुपारची सांगते, रात्रीची तेवढी तुम्ही बघा, असं काहीतरी ती म्हणणार होती.

"फोन इकडे दे," सासूबाई म्हणाल्या.

सुनेने दिला. सासूबाईंनी तो कानाशी धरला. धाकट्याला आईचा कान दिसू लागला.

"आई, फोन समोर धर ना."

"मला दिसत नाही, मग तुला कशाला बघायचंय? ऐक. मी उद्या येतेय."

"अगं पण गोळ्या..."

"कागद-पेन घे."

"आई, वहिनी देणार आहेत ना टाइप केलेला—"

"तो बॅगेत आहे, बॅग इथे आहे. तू लिही. हाताने लिहिलं की डोक्यात राहतं. सहाला बाहेर पडतोस ना? म्हणजे साडेपाचला उठलेला असतोस. दात घासता घासता मला एक गोळी द्यायची आणि मी चहा करत नाही ना ते बघायचं. यात भीती कसली?"

"रविवारी—"

"रविवारी तू काय करतोस?"

"कपडे धुतो."

"मशीन धुतं. तू बघत बसतोस. तेव्हा डबी भर. लिही, एक नंबर."

धाकट्याने लिहायला घेतलं. सासूबाई कॉटवरून सांगू लागल्या आणि सून खालून एकेक स्ट्रिप त्यांच्या हातात देऊ लागली. लांबट, साखरेची, सकाळ आणि रात्र. नाव काय? नाव सून सांगायची. धाकट्याने स्पेलिंग विचारलं, पुन्हा विचारलं. कॅल्शियमला तो दूध पितेस ना मग कशाला म्हणाला; सासूबाईंनी लिही म्हटलं. चौथ्या गोळीपाशी त्याने पहिल्या तीन वाचून दाखवल्या आणि दुपारची रात्री घातली. सासूबाईंनी पुन्हा पहिल्यापासून लिहायला लावलं. साडेचार वाजले. सून हळूहळू मागे सरकत कपाटाला टेकली होती. आता विचारलं तरच बोलत होती, आणि तेही कमी होत गेलं.

"ही रात्रीची," सासूबाई म्हणाल्या, "पहाटेच्या बहिणीसारखी दिसते. तिची कड खरखरीत आहे. तुला डोळे आहेत, तू नाव वाच. रक्त पातळ करायची."

"तुला ती कशाला लागते?"

"छातीत घोडं उधळतं ना माझ्या. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून."

"कधीपासून?"

"पाच वर्षं झाली असतील."

"मी दर आठवड्याला फोन करतो, आई."

"करतोस. बरी आहेस का विचारतोस, मी बरी म्हणते. बरीच होते. पुड्या होत्या ना."

फोनमधून कागद उलटल्याचा आवाज आला. "ते ठोक्यांच्या गोळीचं परत सांग. अर्धी करायची म्हणालीस. ब्लेडने कापायची की हाताने मोडायची?"

"हाताने. मधे रेघ आहे, तिथे नख लाव."

"समान तुकडे होतात का? नाही झाले तर कुठला घ्यायचा? वहिनींना विचार ना एकदा."

सासूबाईंनी फोन कानापासून दूर केला आणि मान तिरकी करून कपाटाकडे पाहिलं. त्यांना कपाटाची कड दिसली, कडेला टेकलेला एक खांदा दिसला. मग त्यांनी नुसतं ऐकलं. सुनेचा श्वास लांब आणि एकसारखा चालला होता. साखरेच्या गोळीची स्ट्रिप तिच्या हातातून घसरून मांडीवर पडली होती.

"आई? विचारलंस का?"

"हळू बोल," सासूबाई म्हणाल्या. "झोपलीय ती."

"आत्ता? या वेळेला?"

"तू मोठा तुकडा सकाळी दे, लहान रात्री दे, दिवसाला एकच होते. उगाच डोकं लढवू नकोस. आता सगळं पहिल्यापासून वाच. आणि हळू वाच."

धाकटा खालच्या आवाजात वाचू लागला.